कॅलिफोर्नियातील काउंट्यांचा समाजसेवा निधी: १९९१ ची पायाभूत रक्कम आणि वाटपातला अन्याय

कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) लोकसंख्या १९९० च्या जनगणनेत ११,७०,४१३ होती; २०२० मध्ये ती २४,१८,१८५ झाली. याच तीस वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोची लोकसंख्या ७,२३,९५९ वरून ८,७३,९६५ वर गेली. एकीकडे दुपटीहून जास्त वाढ, दुसरीकडे एकवीस टक्के. पण राज्याकडून या दोन्ही काउंट्यांना समाजसेवांसाठी जो ‘रिअलाइनमेंट’ निधी (काउंट्यांकडे सोपवलेल्या कार्यक्रमांसाठी वेगळे काढलेले कराचे पैसे) मिळतो, त्याचा हिशेब ज्या रकमेवरून सुरू होतो ती रक्कम १९९० च्या आसपासच्या खर्चावर बेतलेली आहे. पुढे दरवर्षी तिच्यात भर पडत गेली, कधी घटही झाली. आज कोणत्या काउंटीत किती गरजू माणसे राहतात हे पाहून ती नव्याने मात्र कधीच काढली गेली नाही.

या विषयावरची भांडणे बहुतेक वेळा टक्क्यांवरून होतात: राज्य किती देणार, काउंटी किती भरणार. ती महत्त्वाची आहेतच. पण काउंटी-काउंटीतला अन्याय टक्क्यांमुळे कमी आणि इतर दोन गोष्टींमुळे जास्त झालेला आहे. पहिली गोष्ट म्हणजे सुरुवातीची पायाभूत रक्कम कशी ठरली. दुसरी म्हणजे दरवर्षीच्या वाढीव महसुलावर पहिला हक्क कोणाचा. हे प्रकरण त्या दोन गोष्टींभोवती मांडले आहे.

१९९१ मध्ये काय ठरले

कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत. एका टोकाला साधारण एक कोटी वस्तीची लॉस एंजेलिस, दुसऱ्या टोकाला बाराशेच्या आसपास माणसांची अल्पाइन. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने, मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला आणि काउंट्यांच्या हातातला सर्वांत मोठा कर त्यांच्या हातातून गेला. तरीही निराधारांना मदत करण्याची शेवटची जबाबदारी कायद्याने काउंटीवरच राहिली. राज्याच्या ‘वेल्फेअर अँड इन्स्टिट्यूशन्स कोड’चे कलम १७००० तसे सांगते. उत्पन्नाची चावी राज्याकडे आणि दारात उभा गरजू माणूस काउंटीकडे, अशी ही विभागणी आहे.

१९९१ मध्ये राज्याच्या अंदाजपत्रकात सुमारे १,४३० कोटी डॉलरची तूट होती. त्यातून बाहेर पडण्यासाठी राज्याने १७० कोटी डॉलरहून अधिक खर्चाचे कार्यक्रम काउंट्यांकडे सोपवले आणि त्यासाठी दोन करांचे उत्पन्न वेगळे काढून दिले: विक्रीकरातला नवा अर्धा सेंट आणि वाहन परवाना शुल्कातली वाढ. सोबत खर्चाचे वाटेही बदलले. फेडरल सरकारचा हिस्सा वजा केल्यावर उरणाऱ्या खर्चात काउंटीचा वाटा पुढीलप्रमाणे झाला. फॉस्टर केअर, म्हणजे आईवडिलांपासून वेगळ्या कराव्या लागलेल्या मुलांचा सांभाळ, ५ टक्क्यांवरून ६० टक्के. घरपोच साहाय्य सेवा, जिला तिथे सगळे आयएचएसएस म्हणतात, ३ वरून ३५ टक्के. बालकल्याण सेवा २४ वरून ३०. दत्तक साहाय्य शून्यावरून २५. उलट गरीब कुटुंबांच्या रोख अनुदानात काउंटीचा वाटा ११ वरून ५ वर आला आणि प्रशासकीय खर्चात ५० वरून ३० वर.

वाटे बदलण्यामागे एक विचार होता. फॉस्टर केअरचा जवळजवळ सगळा खर्च राज्य देत असेल, तर मूल घरातच सुरक्षित राहावे म्हणून आधी कुटुंबावर पैसा घालायला काउंटीला आर्थिक कारण उरत नाही. तो विचार चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. पण जिथे काउंटीला खर्च आवरण्याचा अधिकारच नाही, अशा सेवांनाही तोच नियम लावला गेला.

पैसा कसा वाहतो

दोन्ही करांचे पैसे ‘लोकल रेव्हेन्यू फंड’ या राज्यस्तरीय निधीत जमा होतात. तिथून ते मानसिक आरोग्य, आरोग्य आणि समाजसेवा अशा तीन मुख्य खात्यांत जातात आणि मग प्रत्येक काउंटीच्या वाट्याला येतात. या वाहण्याचे टप्पे असे:

पहिला टप्पा पायाभूत रकमेचा. काउंटीला मागच्या वर्षी जेवढे मिळाले, तेवढे यंदा आधी. अगदी पहिल्या वर्षाची रक्कम त्या वेळच्या खर्चावरून ठरली. ज्या काउंटीने ऐंशीच्या दशकात स्वतःचे पैसे घालून जास्त सेवा उभ्या केल्या होत्या, तिची रक्कम मोठी. ज्या काउंटीने हात आखडता घेतला किंवा जिच्याकडे तेव्हा माणसेच कमी होती, तिची लहान.

दुसरा टप्पा विक्रीकरातल्या वाढीचा. मागच्या वर्षापेक्षा जास्त आलेल्या रकमेवर पहिला हक्क ‘केसलोड’, म्हणजे सेवा घेणाऱ्यांच्या संख्येमागच्या खर्चाच्या, उपखात्याचा. समाजसेवा कार्यक्रमांत काउंटीच्या वाट्याचा खर्च जेवढा वाढला, तेवढी भरपाई पुढच्या वर्षीच्या वाढीतून मिळते. वाढ अपुरी पडली तर सर्वांना प्रमाणात कमी मिळते आणि उरलेली थकबाकी पुढे ढकलली जाते.

तिसरा टप्पा, केसलोड भागवून काही उरले तर. ते आणि वाहन शुल्कातली वाढ सामान्य वाढ म्हणून वाटली जाते, आणि तीही मुख्यतः आधीच्या हिश्श्यांच्या प्रमाणात.

चौथ्या टप्प्यात हे सगळे पायाभूत रकमेत मिसळते आणि पुढच्या वर्षीचा हिशेब तिथून सुरू होतो.

काउंटीला एका खात्यातून दुसऱ्यात १० टक्क्यांपर्यंत रक्कम वळवता येते. जाहीर सुनावणी घेऊन तसा ठराव करावा लागतो. अडचणीच्या वर्षात याचा उपयोग होतो, पण मुळात तिन्ही खाती तोकडी असतील तर एकाचे काढून दुसऱ्याला दिल्याने काही साधत नाही.

आता आकडे घालून पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, रीत खरी आहे. अ आणि ब या दोन काउंट्यांत प्रत्येकी एक लाख गरीब माणसे. अ ची पायाभूत रक्कम ६ कोटी डॉलर, ब ची ४ कोटी. म्हणजे दर गरीब माणशी ६०० आणि ४०० डॉलर. वर्षभरात अ ने घरपोच सेवकांची मजुरी वाढवली, समाजसेवक नेमले, आणि तिचा खर्च ८० लाखांनी वाढला. ब कडे माणसे कमी, अर्जांचा निकाल उशिरा लागतो, मजुरी कमी म्हणून सेवक मिळत नाहीत; तिचा खर्च ४० लाखांनीच वाढला. विक्रीकरातली वाढ एकूण १ कोटी. मागणी १ कोटी २० लाखांची. प्रमाणात वाटले की अ ला सुमारे ६६ लाख ६७ हजार, ब ला ३३ लाख ३३ हजार. दरम्यान अ मधले गरीब एक टक्क्याने वाढले, ब मधले दहा टक्क्यांनी. नवा हिशेब: अ मध्ये माणशी ६६० डॉलर, ब मध्ये ३९४. ब ला वाढ मिळाली, कागदावर तिची रक्कम आठ टक्क्यांनी वाढली, आणि तरी तिच्या प्रत्येक गरीब माणसामागे आधीपेक्षा कमी पैसे उरले. दरी २०० डॉलरची होती, ती २६६ ची झाली.

यात कोणी लबाडी केलेली नाही. अ ने मजुरी वाढवली ते चांगलेच केले. दोष नियमाचा आहे: तो झालेला खर्च पाहतो, न भागलेली गरज पाहत नाही. ज्या काउंटीला स्वतःचा वाटा आधी खिशातून भरणे परवडते, तिचाच खर्च वाढतो. आणि ज्याचा खर्च वाढतो, त्यालाच भरपाई मिळते. शिवाय काउंटीने आपला वाटा घातला नाही तर त्याच्या जोडीचे राज्याचे आणि फेडरल पैसेही येत नाहीत. घरपोच सेवेत फेडरल हिस्सा निम्म्याच्या आसपास असतो; २०१२ पर्यंत उरलेल्याचे ३५ टक्के काउंटीचे होते. म्हणजे तेव्हा काउंटीने साडेसतरा सेंट रोखले की एका पूर्ण डॉलरची सेवा थांबत असे.

घरपोच साहाय्य सेवा: खर्च ठरवतो कोण

बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या, बऱ्याच मराठी कुटुंबांना आयएचएसएस हे नाव परिचयाचे असेल. वृद्ध, अंध किंवा अपंग व्यक्तीला वृद्धाश्रमात न पाठवता तिच्या घरीच मदत मिळावी, म्हणून ही सेवा आहे. मेडिकॅल या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेसाठी पात्र असणे आवश्यक असते. सेवक निवडण्याचा अधिकार लाभार्थ्याचा असतो आणि बहुतेक सेवक नात्यातलेच असतात. सून किंवा मुलगी यांनाही तासाप्रमाणे मजुरी मिळू शकते.

तास ठरतात ते असे. काउंटीचा समाजसेवक घरी येतो आणि एकेका कामात व्यक्ती किती परावलंबी आहे हे पाहून १ ते ५ असा क्रमांक देतो. त्यावरून राज्याच्या मार्गदर्शक तक्त्याप्रमाणे आठवड्याचे तास निघतात. घरसफाईला महिन्याला ६ तास. कपडे धुण्याचे यंत्र घरात असेल तर आठवड्याला १ तास, बाहेर जावे लागत असेल तर दीड. किराणा आणायला १ तास, इतर बाहेरच्या कामांना अर्धा. अंघोळ, जेवण भरवणे, उठवणे-बसवणे हे क्रमांकानुसार. सगळे मिळून कमाल मर्यादा महिन्याला २८३ तास.

हा तक्ता राज्याचा आहे. पात्रतेचे नियम राज्याचे आणि फेडरल सरकारचे. राज्याचे किमान वेतन ताशी १५ डॉलरपर्यंत नेण्याचा कायदा २०१६ मध्ये राज्याने केला. त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून फेडरल नियमाप्रमाणे सेवकांना जादा वेळेची मजुरी सुरू झाली. काउंटीच्या हातात उरते ते एकच: सेवकांच्या संघटनेशी मजुरीची वाटाघाटी. त्यातही राज्याने आपला सहभाग दीर्घकाळ मजुरी आणि लाभ मिळून ताशी १२.१० डॉलरपर्यंतच ठेवला होता. त्यावरची वाढ काउंटीच्या माथी.

म्हणून आमचे मत असे: ३५ टक्क्यांचा वाटा जिथे काउंटीच्या निर्णयाने खर्च बदलतो तिथे समजू शकतो, पण तासांचा तक्ता राज्याचा असताना लाभार्थीसंख्येच्या वाढीचा भार काउंटीवर टाकणे अन्यायाचे होते. लोकसंख्येचे वय वाढते आहे, आणि वय वाढण्यावर कोणत्याही काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाचा ताबा नाही.

समन्यायाची खाती आणि ती का पुरली नाहीत

१९९१ च्या कायदेकर्त्यांना पायाभूत रकमेतली असमानता दिसत होती. म्हणून त्यांनी वाढीच्या रकमेतून काही ‘समन्याय उपखाती’ केली होती. गरिबी आणि लोकसंख्या यांच्या मानाने ज्या काउंट्यांना कमी मिळत होते, त्यांना यातून जास्तीचे दिले जाई. नव्वदच्या दशकात ही देयके झाली आणि त्यांचा उपयोगही झाला. पण या खात्यांना एकूण रकमेची कायदेशीर मर्यादा होती. ती रक्कम वाटून झाली आणि खाती थांबली. त्यानंतर सामान्य वाढ पुन्हा जुन्या हिश्श्यांच्या प्रमाणात जाऊ लागली.

दुसरी अडचण रांगेची होती. समन्यायाला पैसे मिळायचे ते केसलोड भागल्यावर. ज्या वर्षी केसलोडच सगळी वाढ खाई, त्या वर्षी समन्यायाच्या वाट्याला विक्रीकरातून काही येतच नसे. आणि अंतर्भागातल्या रिव्हरसाइड, सॅन बर्नार्डिनोसारख्या काउंट्यांत लोक मोठ्या संख्येने राहायला आले ते मुख्यतः खाती थांबल्यानंतरच्या वर्षांत. किनाऱ्यावरची घरे परवडेनाशी झालेली कुटुंबे तिकडे सरकली. त्यांच्या मागोमाग निधी सरकला नाही.

मंदीत हे आणखी बिघडते. विक्रीकर घटतो, त्याच वेळी अर्जदार वाढतात. २००८ नंतर हेच घडले. महसूल खाली आला की पायाभूत रक्कमही खाली येते, आणि पुढच्या वर्षी अर्थव्यवस्था सावरली तर जी ‘वाढ’ धरली जाते ती त्या खालच्या पातळीवरून. गमावलेले आधी भरून द्यायचे आणि मग केसलोडकडे वळायचे, असा क्रम कायद्यात नाही. त्यामुळे आरोग्य आणि मानसिक आरोग्याची खाती मंदीत घसरली की वर येणारा पैसा आधी समाजसेवेच्या केसलोडकडे जातो. म्हणजे अन्याय काउंटी-काउंटीत आहे तसा एकाच काउंटीतल्या सेवांमध्येही आहे.

२०११ ते २०१९: दुरुस्त्या आणि नव्या गोठलेल्या रकमा

२०११ मध्ये राज्याने दुसरी, आणखी मोठी रिअलाइनमेंट केली. फॉस्टर केअर, बालकल्याण, दत्तक साहाय्य यांचा फेडरल हिश्शाव्यतिरिक्तचा पूर्ण खर्च काउंट्यांकडे गेला; त्यासाठी विक्रीकराचा १.०६२५ टक्का दिला गेला आणि नोव्हेंबर २०१२ च्या प्रपोझिशन ३० ने त्या पैशाला राज्यघटनेचे संरक्षण मिळाले. १९९१ च्या मानसिक आरोग्य खात्यातले सुमारे ११० कोटी डॉलर रोख अनुदानाकडे वळवून त्यांच्या जागी २०११ चे पैसे घातले गेले. २०१३ मध्ये मेडिकॅलचा विस्तार ठरल्यावर काउंट्यांचा निराधारांच्या औषधोपचाराचा खर्च कमी होईल असे धरून पहिल्या वर्षी ३० कोटी डॉलर आरोग्य खात्यातून काढून घेतले. खाती वाढत गेली, आणि एका काउंटीला नेमके किती मिळते हे सामान्य नागरिकाला कळणे जवळजवळ अशक्य झाले.

आमच्या मुद्द्याशी थेट संबंध आहे तो घरपोच सेवेतल्या बदलाचा. २०१२-१३ पासून ३५ टक्क्यांऐवजी काउंट्यांनी ठरावीक रक्कम भरायची ठरली. २०११-१२ चा खर्च आधार धरून २०१४-१५ पासून दरवर्षी ३.५ टक्के वाढ. त्यापुढचा खर्च राज्याचा. काउंट्यांना हायसे वाटले. पण ही व्यवस्था ज्या प्रायोगिक आरोग्य योजनेला बांधलेली होती, ती परवडत नसल्याचे राज्याच्या वित्त विभागाने जानेवारी २०१७ मध्ये जाहीर केले आणि सवलतही संपली. काउंट्यांवर एका वर्षात ६० कोटी डॉलरहून अधिक भार येणार होता. वाटाघाटी होऊन राज्याने पहिल्या वर्षी ४० कोटी, मग ३३, २० आणि पुढे दरवर्षी १५ कोटी द्यायचे ठरवले; नवी ठरावीक रक्कम ५ आणि नंतर ७ टक्क्यांनी वाढणार होती. शिवाय आरोग्य आणि मानसिक आरोग्याच्या वाट्याची वाहन शुल्कातली वाढ काही वर्षांसाठी समाजसेवेकडे वळवली गेली.

७ टक्के टिकणारे नव्हते, कारण विक्रीकर तितका वाढत नाही. २०१९ मध्ये ही एकूण रक्कम १५६ कोटी डॉलरवर आणली, वार्षिक वाढ ४ टक्के केली आणि वाहन शुल्काचे ते वळवणे थांबवले.

न्यायाच्या दृष्टीने २०१९ चा करार आधीपेक्षा बरा आहे. लाभार्थी झपाट्याने वाढणाऱ्या काउंटीच्या रकमेतही दरवर्षी ४ टक्केच वाढ होते. वरचा धोका राज्याने घेतला. मात्र प्रत्येक काउंटीची ठरावीक रक्कम तिच्या मागच्या खर्चावरूनच निघाली, आणि दरवर्षीची ४ टक्के वाढ केसलोडचा खर्च म्हणून रिअलाइनमेंटच्या वाढीतून भागवली जाते. मोठ्या रकमेचे ४ टक्के मोठे, लहान रकमेचे लहान. वाटप पुन्हा जुन्या प्रमाणातच.

एखाद्या काउंटीला कमी मिळते का, हे तपासायचे कसे

राज्याच्या नियंत्रक कार्यालयाकडून काउंटीनिहाय देयकांचे तक्ते प्रसिद्ध होतात. त्यातून तिन्ही खात्यांची पायाभूत रक्कम वेगवेगळी घ्यावी. तिन्हींची बेरीज घेतली तर १० टक्क्यांपर्यंतच्या अदलाबदलीमुळे चित्र धूसर होते. मग ती गरिबीरेषेखालच्या माणसांच्या संख्येने भागावी. एका वर्षाचा आकडा धरू नये, किमान पाच वर्षांचा कल पाहावा, कारण केसलोडची भरपाई उशिरा येते आणि एखाद्या वर्षी थकबाकी मिळाल्याने आकडा फुगलेला असतो.

चुका होतात त्या भाजकात. जनगणना विभागाच्या वार्षिक सर्वेक्षणाचे एका वर्षाचे आकडे ६५,००० हून जास्त वस्तीच्या भागांसाठीच निघतात. लहान काउंट्यांना पाच वर्षांच्या सरासरीवर अवलंबून राहावे लागते आणि अल्पाइनसारख्या ठिकाणी तीही डळमळीत असते. लॅसनसारख्या काउंटीत राज्याचा तुरुंग असल्याने एकूण लोकसंख्या फुगते, पण गरिबी मोजताना कैदी धरत नाहीत. म्हणून लोकसंख्येने भागले तर एक उत्तर येते, गरिबांच्या संख्येने भागले तर दुसरे. सर्वांत मोठा वाद घरभाड्याचा. फेडरल गरिबीरेषा सगळ्या सलग राज्यांत एकच आहे, सॅन फ्रान्सिस्कोचे भाडे तिला दिसत नाही. घरखर्च धरणारे कॅलिफोर्नियाचे स्वतंत्र गरिबी मोजमाप उपलब्ध आहे. ते वापरले की किनाऱ्यावरच्या काउंट्यांची गरज मोठी दिसते आणि अंतर्भागाची तक्रार थोडी सौम्य होते. थोडीच. सॅन फ्रान्सिस्कोत समाजसेवकाचा पगारही जास्त असतो, हे प्रामाणिकपणे मान्य करून तेवढी सूट सूत्रात द्यावी लागेल.

दुरुस्ती करायची तर

सगळी रक्कम एका फटक्यात गरजेप्रमाणे वाटली तर जुन्या काउंट्यांतल्या चालू सेवा बंद पडतील, आणि तिथला गरीब माणूसही गरीबच आहे. व्यवहारात चालेल ती रीत अशी: कोणाचीही पायाभूत रक्कम कमी करायची नाही, केसलोडआधी वाढीतला एक ठरावीक भाग समन्यायासाठी बाजूला काढायचा, आणि त्याला एकूण रकमेची मर्यादा न घालता फरक ठरावीक टक्क्यांच्या आत येईपर्यंत तो चालू ठेवायचा. नव्वदच्या दशकातल्या खात्यांत उणीव होती ती रांगेतल्या जागेची आणि त्या मर्यादेची; मूळ कल्पना टिकाऊ आहे. मंदीनंतर आधी जुनी पातळी भरून काढण्याचा नियमही सोबत हवा.

१९९१ चे सूत्र विधिमंडळाला साध्या कायद्याने बदलता येते. घटनेचे संरक्षण २०११ च्या पैशाला आहे. कायदेशीर सुरुंग मात्र ठाऊक असायला हवा. राज्याने काउंटीवर नवे काम लादले तर त्याचा खर्च राज्याने द्यावा, अशी घटनेची तरतूद आहे. १९९१ च्या कायद्यात उलट कलमे पेरलेली होती: काउंट्यांनी अशी भरपाई न्यायालयातून मिळवली तर ते करच रद्द व्हावेत. १९८२ मध्ये निराधार प्रौढांच्या औषधोपचाराची जबाबदारी काउंट्यांकडे ढकलली गेली होती. त्यावरून सॅन डिएगो काउंटीने राज्याविरुद्ध चालवलेल्या खटल्यात १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने काउंटीची बाजू उचलून धरली, तेव्हा वाहन शुल्काच्या पैशावर नेमका हाच धोका आला होता. म्हणून सूत्रातला बदल खर्चाचे वाटे न हलवता, फक्त वाढीच्या वाटपाचा क्रम बदलून करणे जास्त सुरक्षित आहे.

विरोध होईल तो मोठी पायाभूत रक्कम असलेल्या काउंट्यांकडून, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे: केसलोडआधी समजा १० टक्के बाजूला काढले तर त्यांची थकबाकी तेवढी उशिरा फिटेल. त्यावर उत्तर राज्याच्या सर्वसाधारण निधीतून पहिल्या तीन-चार वर्षांसाठी पूरक रक्कम देणे हेच आहे, २०१७ मध्ये घरपोच सेवेसाठी दिली तशी उतरत्या क्रमाने.